आधीच बाजूला काढलेली माणसं

८ जानेवारी

प्रिय ताई,

एक प्रश्न विचारते, आणि त्याचं उत्तर मला येत नाही हे आधीच कबूल करते. नियम कशाला म्हणायचं आणि नुसतं काम कशाला?

हसू नकोस. सबुरीसरांनी हा प्रश्न मला भर बैठकीत विचारला आणि मी, आपल्या घरातली पहिली पदवीधर, फळ्याकडे बघत उभी राहिले. सबुरीसर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. प्रत्येक वाक्याआधी ‘सबुरी’ म्हणतात, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना तेच म्हणतात. मला तेव्हाही म्हणाले, “सबुरी. उत्तर आज नको. पण ते मिळाल्याशिवाय एक ओळही लिहू नकोस.”

नीट सांगते. आम्ही वाचा-उपचार केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. ज्यांचं बोलणं गेलंय किंवा अडखळतंय त्यांना तिथे पुन्हा बोलायला शिकवतात. एक शाखा तुमच्याकडेही आहे, बाजाराच्या मागे. जागा थोड्या आणि माणसं फार, म्हणून पाळी कोणाची आधी हे आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. इतकी वर्षं ते सगळं कोडमध्ये पुरलेलं होतं. माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिलेलं, केंद्रातल्या कुणालाही वाचता न येणारं. आता ते तिथून उपसून रूल इंजिनमध्ये घालायचंय. तिथे एकेक नियम सुटा लिहितात, साध्या तक्त्यात: असं असेल, तर असं कर. केंद्राच्या मुख्य तज्ज्ञबाई तो तक्ता स्वतः वाचणार, स्वतः बदलणार. ज्याला नियम लागू होतो आणि जो तो करतो, त्यांच्यामध्ये आम्ही प्रोग्रामर आडवे यायचंच नाही. ताई, मला हे इतकं आवडलंय! काही लपलेलं नाही, सगळं उजेडात.

पण अंगवळणी पडत नाही. मला आधी हे, मग ते, असं हुकूम सोडायची सवय. इथे हुकूम नाहीच. माणसांची माहिती इंजिनसमोर मांडायची आणि हात मागे घ्यायचे. कोणाला कोणता नियम लागतो ते इंजिन बघणार. माझे हात मागे राहत नाहीत. जेवतानाही डाव्या हाताची बोटं टेबलावर टकटक करत असतात. खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या जिन्याकडे उघडते; तिथे माणसं दिवसभर वर जातात, खाली येतात, आणि मला वाटतं मीच चढते-उतरतेय.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण दुकानातला तो फोन कायम मोठ्या आवाजावर. तू इस्त्री फिरवत ‘हं, हं’ करणार आणि गिऱ्हाइकं मला सल्ले देणार. पत्रातली तू निदान माझी एकटीची असतेस.

गेल्या पत्राखाली मावशीची ओळ नव्हती. तुझ्या आईला म्हणावं, भाचीला विसरलीस का?

तुझी,
बारकी


१९ जानेवारी

पदवीधर बाईसाहेबांस,

पाच वर्षं पुस्तकं रगडून हा प्रश्न पडला होय? अगं, आपल्या दुकानात बसून अभ्यास केलास तेव्हा डोळे कुठे होते?

कपडे येतात, त्यांना आपण चिठ्ठी लावतो. रेशमी असेल तर हाताने. रंग जाणारा असेल तर वेगळ्या पाण्यात. घाईचा असेल तर आधी. हे झाले नियम. आई तर ते रोज बदलायची, सकाळी कोणाशी भांडण झालंय त्यावर. पण ज्याची चिठ्ठी फाटलीय, नाव वाचता येत नाही, तो कपडा मी धुलाईपर्यंत जाऊच देत नाही. आधीच बाजूच्या टोपलीत. त्याला नियम कशाला हवा? ती साफसफाई. कोणाचा हेच माहीत नाही, तर धुऊन द्यायचा कोणाला?

घे तुझं उत्तर. कोणाचं काय करायचं ते नियम. आणि ज्यांचा पत्ताच नाही त्यांना बाहेर काढणं ते काम. तुझ्या सबुरीसरांना सांग, एका इस्त्रीवालीने शिकवणीची फी मागितलीय.

इकडे सगळं ठीक. आईचा घसा बसलाय, म्हणून फोनवर येत नाही. तिची ओळ मीच उतरवून घेतली: “काळजी घे, वेळेवर जेव, मन लावून काम कर.”

आणि हो, आमच्या एका गिऱ्हाइकाने तुझ्या त्या केंद्रात अर्ज केलाय. बाई आहे, वयस्क. एकाएकी वाचा गेली. तिची पाळी कधी लागेल, कशावरून ठरतं, ते लिही. मला काय, सहज विचारतेय.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फी मंजूर! तुझी टोपली मी जशीच्या तशी बैठकीत मांडली. सबुरीसर चक्क सबुरी न म्हणता “बरोबर” म्हणाले. मग मी कामाला लागले. कोणाची पाळी आधी याच्या सगळ्या अटी कोडमधून उचलून तक्त्यात नेल्या, आणि कचरा काढायचं काम तेवढं कोडमध्ये ठेवलं: एकाच माणसाचे दोन अर्ज, पत्ता नसलेले अर्ज, ज्यांना आता उपचार नकोच आहेत असे अर्ज. ते इंजिनसमोर जाण्याआधीच मी गाळते.

एक फजिती सांगते. तज्ज्ञबाईंनी नियम दिला: माणूस एकटा राहत असेल तर त्याची निकड वाढव. मी लिहिला. चाचणीसाठी आम्ही एक खोटे आजोबा बनवलेत, ते एकटे राहतात. इंजिनने त्यांची निकड वाढवली. निकड वाढली म्हणजे माहिती बदलली. माहिती बदलली म्हणून इंजिनने परत पाहिलं: एकटे आहेत का? आहेत. वाढव. परत पाहिलं, परत वाढवली. मी चहा घेऊन येईपर्यंत आजोबा आकाशाला टेकले होते आणि मशीनचा पंखा घोंघावत होता. शेजारची मुलगी म्हणाली, “बारके, तुझ्या आजोबांना आवर, नाहीतर ते सगळी केंद्रं विकत घेतील.” एकदा लागलेला नियम त्याच माणसाला परत लागू नये, असं बजावून सांगावं लागतं. मला वाटायचं, एवढं तर कुणालाही कळेल. इंजिनला कळत नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच त्याला कळतं.

तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, अजिबात काळजी नको. तज्ज्ञबाईंचा पहिलाच नियम आहे: ज्यांना एक शब्दही बोलता येत नाही ते सर्वांत आधी. पहिल्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर बोलणं परत यायची आशा जास्त असते, म्हणून. एकटी राहत असेल तर आणखी वर. तिला लवकरच निरोप जाईल. माझ्यावर भरवसा ठेव म्हणावं.

आणि ती ओळ मावशीची नाही. मावशीने जन्मात कधी मला ‘काळजी घे’ म्हटलेलं नाही. ती म्हणते, “मर तिकडे उपाशी, मला काय.” घसा बसला तरी माणूस बदलत नाही. तिला स्वतः सांगायला लाव आणि शब्द न शब्द लिही. आणि ‘नियम बदलायची’ म्हणजे काय? आता बदलत नाही का?

तुझी,
बारकी


२५ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायला वेळ नाही. दुकानात एकटीच आहे. आईचे गुडघे धरलेत, ती बसून असते, म्हणून ‘बदलायची’. झालं समाधान?

गिऱ्हाइकाला अजून काहीही निरोप नाही. दोनदा केंद्रात जाऊन आले. म्हणजे तिच्या वतीने. खिडकीतली मुलगी पडद्यावर बघते आणि म्हणते, अर्ज आहे, थांबा. किती थांबायचं? मागून आलेल्या एका मास्तरांचा आवाज बसला होता, त्यांचे उपचार सुरूसुद्धा झाले. ते येताजाता तिला नमस्कार करतात, खणखणीत आवाजात. बाई तोंड फिरवून घेते.

शब्द नाही तो पहिला, असं तूच लिहिलं होतंस. मी ते तिला वाचून दाखवलं. आता ती माझ्याकडे बघते आणि मला काय सांगावं ते कळत नाही. तुझं इंजिन झोपलंय का, बघ जरा.

ताई


६ मार्च

प्रिय ताई,

रागावलीस का? पत्र एवढंसं, आणि मावशीची ओळ नाहीच. मी इथलं काम आटोपलं की येणार आहे. गुडघ्यांसाठी इथे एक चांगले डॉक्टर आहेत, मी चौकशी करून ठेवलीय.

इंजिन झोपलेलं नाही. उलट परवा तज्ज्ञबाईंसमोर चालवून दाखवलं तेव्हा त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे असं का?” आणि मला फक्त त्यांचाच नियम वाचून दाखवावा लागला. त्या हसल्या, म्हणाल्या, “पहिल्यांदाच मला माझा शब्द यंत्रात दिसतोय.” ताई, मला भरून आलं. शिकल्याचं सार्थक म्हणतात ते हेच असावं.

तुझ्या गिऱ्हाइकाचं म्हणशील तर चूक तिच्याकडेच असणार. आपल्याकडची माणसं अर्ज अर्धा भरतात आणि नशिबाला बोल लावतात. किंवा तिने फोन घेतला नसेल. अर्ज आल्यावर खात्रीसाठी एक फोन जातो. आपोआप लागणारा, माणूस नसतो. उपचार हवे असतील तर ‘हो’ म्हणायचं, बस. दोनदा फोन जातो. दोन्ही वेळा ‘हो’ आलं नाही की त्यांना आता नको आहे असं धरून मी तो अर्ज आधीच बाजूला काढते. तीच गं, तुझी फाटक्या चिठ्ठीची टोपली. तिला विचार, फोन आला होता का. नुसतं एक ‘हो’ म्हणायला काय जातं माणसाचं!

तुझी,
बारकी


१३ मार्च

बारके,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसले.

गिऱ्हाईक कोणी नाही. ती आई आहे. डिसेंबरात सकाळी दुकानाचं कुलूप काढता काढता ती पायरीवर बसली, आणि उठली तेव्हा तोंडातून शब्द नव्हता. उजवा पाय थोडा ओढते, तो सुधारतोय. बाकी सगळं शाबूत. सगळं कळतं तिला, तुझी पत्रंसुद्धा. तुला कळवलं नाही, कारण तू नोकरी टाकून धावत आली असतीस, आणि तिने खुणेने मला सांगितलं होतं, तुला कळवलं तर दुकानाला कुलूप लावीन. आणि मलाही वाटलं, ओळख लावून नको. तू काहीही न करता तिची पाळी लागली तर बघावं तुझ्या नियमांचं तेज. हट्ट म्हण.

फोन आला होता. आता ऐक तो कसा आला.

मी आत वाफेच्या इस्त्रीवर होते. आईने उचलला. फोन मोठ्या आवाजावर, तुला माहीतच आहे. आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, “आपल्याला उपचार हवे असल्यास कृपया हो म्हणा.” आईने तोंड उघडलं. मग मान हलवली. फोनला, बारके. जोरजोरात मान हलवली. बाई परत म्हणाली, “कृपया हो म्हणा.” आईने काउंटरवर हात आपटला, एकदा, दोनदा. मग फोन घेऊन माझ्याकडे निघाली, पण तार पुरेना, आणि मी हातातलं टाकून येईपर्यंत “धन्यवाद” झालं होतं. मला वाटलं, केंद्रात अर्ज तर आहे, परत करतील. परत केला तेव्हा तिने उचललाच नाही. धुतलेल्या चादरी आणून फोनवर टाकल्या आणि त्यांच्यावर बसून राहिली.

तिच्या जिभेला हाड नव्हतं, सगळी गल्ली सांगेल. त्या बाईला तू म्हणतेस, एक ‘हो’ म्हणायला काय जातं.

तिच्यासाठी मी काही मागत नाही. फक्त हे कळू दे तुला.

फोन करू नकोस. वाजला की ती अजून दचकते.

ताई


१६ मार्च

ताई,

कुरिअरने पाठवतेय, उद्या मिळेल.

काय लिहू? मी ती ओळ उघडून बघितली. मीच ठेवलेली, वर छान शीर्षक: ‘साफसफाई’. पूर्वी केंद्रात बहुतेक अडखळत बोलणारी मुलं आणि आवाज बसलेले मास्तर यायचे. मुलांचे आईबाप फोन घ्यायचे. तेव्हा ती अट चालून गेली. मग वाचा गेलेल्यांसाठी वर्ग सुरू झाले आणि ती अट कोणी पाहिलीच नाही. तज्ज्ञबाईंचा नियम बिनचूक आहे, शब्द नाही तो पहिला. पण शब्द नसलेलं माणूस त्या नियमापर्यंत पोचतच नाही. दारातच मी उभी आहे.

मावशीचं मी बघते. माणसाच्या नोंदीला हाताने एक प्राधान्याचा आकडा देता येतो. तो दिला की इंजिन बाकी काही बघत नाही, त्याला सर्वांत वर नेतं. तज्ज्ञबाई तातडीच्या वेळी तो वापरतात, आणि चाचणीसाठी माझ्याकडेही किल्ली आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव असेल. शब्द देते तुला. तिला सांग.

मी निघून येऊ का?

बारकी


२१ मार्च

बारके,

येऊ नकोस. इथे येऊन रडशील आणि मला तुझीही इस्त्री करावी लागेल. तिथे राहा आणि सांगितलंस ते कर.

मागत नाही म्हटलं होतं. आता मागते. स्वाभिमान गेला खड्ड्यात. डॉक्टर म्हणतात, जे परत यायचं ते या महिन्यांतच येतं, नंतर हळूहळू दार लागतं. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ‘पहिल्या तुकडीत’ म्हटल्यावर तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग आरशासमोर जाऊन ओठ हलवत बसली. तयारी चाललीय तिची. काल मास्तरांनी नमस्कार केला तर तिने मान वळवली नाही, बघितलं त्यांच्याकडे, थेट, म्हणजे थांबा, येतेच मी.

टोपलीची अक्कल मीच शिकवली होती हे मला कळतंय. ते लिहू नकोस परत.

आकडा दे आणि कळव.

ताई


२७ मार्च

प्रिय ताई,

पहिल्या तुकडीत मावशी नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, म्हणजे खाली तू शोधत बसणार नाहीस.

आता कसं झालं ते वाच. नंतर हवं तर फाडून टाक.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी सबुरीसरांकडे गेले. त्या अटीने किती माणसं गाळली गेलीत ते काढून नेलं होतं. शाखेशाखेत होती, खूप होती. त्यांनी यादी खालपर्यंत वाचली.

“सबुरी,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात केंद्राची माणसं आपल्या कामाची पाहणी करणार आहेत. नवं इंजिन लावलं आणि रांग एकदम फुगली, हे कसं दिसेल?”

“खरं दिसेल, सर.”

“खरंच आहे गं ते. पण खरं महिनाभर थांबलं तर त्याला काय ताप येतो का?”

“माझ्या मावशीला येतो, सर.”

मग त्यांनी मला बसवलं आणि मी सगळं सांगितलं, चादरींसकट. तो माणूस वाईट नाही, ताई. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, “तिला आकडा देऊन टाक. मी बघितलं नाही. बाकीच्यांचं पाहणी झाल्यावर बघू. तिचंही काम होईल, आपलंही.”

मी जागेवर आले आणि आकडा दिला. खरंच दिला. आधी चाचणीच्या रांगेत, तेही ती गाळायची अट काढून, म्हणजे सगळी माणसं समोर ठेवून. मावशी सर्वांत वर गेली. कुठलाही नियम लागला नाही, इंजिनने काही विचारलं नाही. आणि तुमच्या शाखेच्या पहिल्या तुकडीतला शेवटचा माणूस घसरून बाहेर पडला. मला नावं दिसत नाहीत; मावशीची नोंदही मी दुकानाच्या फोन नंबरावरून शोधली. एवढंच दिसतं: एकटा राहतो. शब्द एकही नाही. फोन दोन वेळा, उत्तर नाही.

फोन वाजला तर हातातलं टाकून यायलाही त्याच्याकडे कोणी नाही, ताई. त्याच्यासाठी मला कोणी पत्र लिहिलेलं नाही.

मी आकडा पुसला. परत लिहिला. शेजारची मुलगी म्हणाली, “काय गं, परत आजोबा बिघडले का?” मी नाही म्हटलं आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. तुझं पत्र खिशात होतं. आरशासमोरची मावशी मला दिसत होती, ओठ हलवणारी. मला ती अट काढायची होती ती लपून बसली होती म्हणून. आणि मी तिच्या जागी दुसरी लपवत होते: माझी मावशी असेल तर आधी. तक्त्यात ती कोणालाही दिसली नसती. तज्ज्ञबाईंनी बोट ठेवून ‘हे असं का?’ विचारलं असतं, तर वाचून दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

परत आत गेले, आकडा पुन्हा पुसला आणि सरांसमोरच तज्ज्ञबाईंना फोन लावला. मोठ्या आवाजावर, आपल्या दुकानासारखा.

“दोन फोनना उत्तर नाही म्हणजे उपचार नको, हे कोणी ठरवलं?” त्यांनी विचारलं.

“मी ठेवलं, बाई.”

“आमच्या तक्त्यात असा नियमच नाही.”

“नाही. तो नियम आहे हेच मला कळलं नव्हतं.”

सर खिडकीबाहेर बघत होते. मग त्या म्हणाल्या, अगदी सावकाश, “म्हणजे माझ्या रुग्णांना तुम्ही बोलून दाखवायला सांगत होतात. बोलता येत नाही म्हणून जे माझ्याकडे येतात त्यांना.”

“हो, बाई.”

“पाहणी मी पुढे ढकलते. त्यांना आत घ्या. आधी त्यांना.”

फोन ठेवल्यावर सबुरीसर एवढंच म्हणाले, “हे मला करायला हवं होतं.” आणि मग चहा मागवला, दोघांसाठी.

बाईंनी तक्त्यात स्वतः नवी ओळ लिहिली: फोनला उत्तर नसेल तर केंद्रातलं माणूस घरी पाठवा, तोवर जागा आहे तिथेच राहील. मावशीशी माझं नातं मी त्यांना सांगितलं, आणि माझ्याकडची ती किल्ली परत दिली. मावशी दुसऱ्या तुकडीत आहे. जे पुढे आहेत ते सगळे एकटे राहणारे आहेत. मावशीजवळ तू आहेस. इंजिनच्या लेखी ते तुमचं सुख आहे आणि त्याची किंमत एक तुकडी. मला हा हिशोब पटत नाही. पण तो सगळ्यांसमोर लिहिलेला आहे, आणि बाई म्हणाल्या, पटत नसेल तर त्यावर बैठकीत उघड भांडायचं. मी भांडणार आहे.

तोपर्यंत एक आहे. दर शनिवारी केंद्रात घरच्या माणसांसाठी वर्ग असतो, घरी काय करून घ्यायचं ते शिकवतात. त्याला अर्ज लागत नाही, कोणीही बसू शकतं. खिडकीतल्या मुलीने तुला सांगितलं नाही, तिला विचारल्याशिवाय सांगायची सवय नसेल. या शनिवारी मी तिथे येऊन बसणार आहे. दुकान बंद करून तूही ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, शेजारी बस फक्त.

तुला मी शब्द दिला होता आणि मोडला. मावशीला तू ती ओळ वाचून दाखवली होतीस, आता ही वाचून दाखवावी लागेल, आणि तिचे ओठ थांबतील. ते बघायला मी तिथे नसेन, तू असशील. याबद्दल तू मला जे म्हणशील ते मला मान्य आहे.

तू म्हणशील, आधी विचारायचं तरी होतंस. तुला विचारलं असतं तर तू मावशीला विचारलं असतंस, तिने मान हलवली असती, आणि मी तो आकडा तिसऱ्यांदा लिहिला असता. म्हणून आज सकाळी ऑफिस उघडताच नवी रांग चालू केली, पहिल्या तुकडीच्या माणसांकडे केंद्रातून माणसं निरोप घेऊन निघाली, आणि मग मी हे पत्र लिहायला बसले.

तुझी,
बारकी